मेळघाटाच्या रांगा जलरंगात: वॉशमध्ये पट्टे का पडतात?

प्रश्न: चिखलदऱ्याच्या मागच्या रांगा धूसर हव्यात, पण वॉश (पातळ रंगाचा सलग थर) मध्येच वाळून कडक कडा उमटतात. कागद २०० जीएसएमचा (चौरस मीटरला २०० ग्रॅम). काय बदलू?

उत्तर १: दादा, आपल्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी, की ब्रश पुन्हा रंगात बुडवेपर्यंत कड वाळते. ३०० जीएसएमचा कॉटन कागद घ्या, दोन्ही बाजूंनी ओला करून प्लास्टिकच्या पाटीवर पसरवा. ओल बराच वेळ टिकते. कूलरच्या झोतात बसू नका. रंग वाटीत आधीच भरपूर कालवून ठेवा, मध्येच संपला की पट्टा पडलाच.

उत्तर २: सगळ्यात मागची रांग अल्ट्रामरीन (गडद निळा), किंचित बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि भरपूर पाणी. वाळल्यावरच पुढची घ्या. कागदाला हाताची पाठ लावा. गार लागला तर ओल आहे. अर्धवट ओलीवर पाणीदार ब्रश टेकला, की पाणी रंगाला ढकलतं आणि फुलकोबीसारखे डाग उठतात. प्रत्येक पुढच्या रांगेला रंग घट्ट करा. पायथा मात्र स्वच्छ ओल्या ब्रशने विरवा, दरीतलं धुकं तिथंच मिळतं.

उत्तर ३: उन्हाळ्यात साग निष्पर्ण असतो, तेव्हा सॅप ग्रीन नकोच. जवळच्या उताराला यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि बर्न्ट सिएना लावा.