जुनी फॉर्म्युला फोर्ड ऑटोक्रॉसला चालवावी का? माझं मत: नक्की चालवावी

सेकंडगिअर (धागाकर्ता)

अमेरिकेतल्या आमच्या मराठी गाडीवाल्यांच्या गटात परवा एकाने विचारलं, ऐंशीच्या दशकातली एक फॉर्म्युला फोर्ड विकायला आहे, ती घेऊन एससीसीएच्या (अमेरिकेतल्या हौशी मोटरस्पोर्ट संघटनेच्या) सोलोला, म्हणजे ऑटोक्रॉसला, चालवू का? लगेच सगळ्यांनी त्याला मियाटा, म्हणजे माझदाची छोटी दोन सीटची स्पोर्ट्स कार, घ्यायला सांगितलं. ‘सर्किटची गाडी पार्किंग लॉटमध्ये कशाला?’ असा एकंदर सूर. मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. मोकळ्या काँक्रीटवर ट्रॅफिकचे कोन मांडून वळणांचा कोर्स आखतात, गाड्या एकेक करून सोडतात, ज्याची वेळ सगळ्यात कमी तो पहिला. कोन पाडला की 2 सेकंद वाढतात, मार्ग चुकला की तो रन, म्हणजे ती फेरी, बाद. फॉर्म्युला फोर्डच्या शर्यती 1967 मध्ये इंग्लंडात ब्रँड्स हॅचला सुरू झाल्या. उघडी चाकं, एकच सीट, फोर्डचं 1600 सीसीचं साधं केंट इंजिन, आणि हवेच्या दाबाने गाडी जमिनीवर दाबणारी विंग नाही. सोलोत गाड्यांचे वर्ग असतात, त्यात ही सी मॉडिफाइड वर्गात बसते.

विंग नाही, हाच माझा मुख्य मुद्दा. मोठ्या फॉर्म्युला गाड्यांना हवेचा दाब लागतो आणि तो वेग वाढल्यावरच मिळतो. ऑटोक्रॉसमध्ये सहसा ताशी शंभर किलोमीटरच्या वर जायला मिळत नाही, त्यामुळे तिथे त्यांची अर्धी ताकद झोपलेली असते. फोर्डची सगळी पकड टायर आणि सस्पेन्शनमधून येते, ती चाळीसच्या वेगातही पूर्ण मिळते. चालकासकट वजन साधारण 500 किलो. पुढची दोन्ही चाकं डोळ्यांसमोर फिरताना दिसतात, कोनाला किती जवळून गेलात ते अंदाजाने नाही, प्रत्यक्ष कळतं. स्लॅलममध्ये, म्हणजे ओळीतल्या कोनांमधून नागमोडी जाताना, हात जेमतेम वीतभर हलतात आणि नाक लगेच वळतं. कॅम्बर (चाकाचा उभा कल), टो (चाकांची आत-बाहेर दिशा), अँटीरोल बार (वळणात गाडी कलणं कमी करणारी दांडी), सगळं दोन पान्यांनी बदलता येतं, आणि बदल केला की पुढच्याच रनला तो जाणवतो. गाडी कशी वागते आणि का, हे शिकायला याहून चांगलं साधन मला माहीत नाही.

घाटरस्ता

असहमत. मी सर्किटवर फॉर्म्युला फोर्ड चालवतो, म्हणून लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे स्टिअरिंग लॉक, म्हणजे पुढची चाकं जास्तीत जास्त किती वळतात ते. या गाडीला तो फारच कमी असतो, कारण सर्किटवर तेवढाच लागतो. कोनांच्या घट्ट वळणात तुम्ही स्टिअरिंग पूर्ण फिरवून बसता आणि गाडी सरळच जाते. गिअर सर्किटच्या वेगासाठी लावलेले, त्यामुळे पहिला लांब, म्हणजे जास्त वेगाचा, आणि दुसरा त्याहून लांब. टायर गरम व्हायला सर्किटवर एक-दोन लॅप लागतात, इथे सगळा रनच मिनिटाभराचा.

आणि खर्चाचं कोणीच बोलत नाही. गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. ट्रेलर हवा, तो ओढायला पिकअप हवी, दोन्ही ठेवायला जागा हवी. दिवसभरात मिळणार काय, तर पाच-सहा मिनिटांचं ड्रायव्हिंग. मियाटावाला सकाळी घरून गाडी चालवत येतो, मुलाला शेजारी बसवून कोर्स दाखवतो आणि संध्याकाळी त्याच गाडीने घरी जातो. नवख्या माणसाला तुम्ही चुकीचा रस्ता दाखवताय.

सेकंडगिअर

घाटरस्ता, तुमचा अनुभव मोठा आहे, पण तुम्ही सांगितलेल्या अडचणी सर्किटसाठी लावलेल्या गाडीच्या आहेत. ती तशीच्या तशी आणायला मी सांगतच नाहीये.

गिअरचं बघा. मागे ह्युलँड या कंपनीचा गिअरबॉक्स असतो आणि तो बनवलाच आहे गिअर बदलता यावेत म्हणून. तेल काढायचं, मागचं कव्हर खोलायचं, शाफ्टवरची जोडी ओढून काढायची आणि दुसरी चढवायची. प्रत्येक गिअरवर दातांचे आकडे कोरलेले असतात. सराव झाला की तासा-दीड तासाचं काम. दुसरा गिअर असा निवडायचा की सुटल्यानंतर अख्खा कोर्स त्यातच निघावा, हात गिअरकडे न्यायचंच कारण उरत नाही. लॉकसाठी छोटे स्टिअरिंग आर्म (चाकाला वळवणारे दांडे) लावतात. स्टिअरिंगची रॅक, म्हणजे दातेरी पट्टी, तेवढीच सरकते, चाक जास्त वळतं. स्टिअरिंग जड होतं हे खरं, पण पुढच्या चाकांवर भार इतका कमी की दंडावर येत नाही.

टायरसाठी मऊ रबराचे स्लिक, म्हणजे खाचा नसलेले टायर, मिळतात, आणि एक गाडी दोघांनी चालवण्याची पद्धत आहेच. पहिल्याने तापवलेल्या टायरवर दुसरा निघतो. उन्हाळ्यात तर दोघांच्या रनमध्ये टायरवर पाणी मारून ते थंड करावे लागतात. दोघांत खर्चही वाटला जातो, ट्रेलरसकट.

आणि सर्किटवर एखाद्याच्या चाकात चाक अडकलं की पुढचा कोपरा, म्हणजे चाक आणि सस्पेन्शन, जातो, कधी गाडी उडते. इथे कोर्सवर तुमच्या जवळ दुसरी गाडीच नसते. जुनी फोर्ड मोडण्याची भीती न बाळगता तिच्या टोकापर्यंत न्यायची तर दुसरी जागा कुठली?

रबरपक

ऑटोक्रॉससाठीच घ्यायची तर फॉर्म्युला 500 ही छोटी एकसीटी गाडी घ्या. दोन-स्ट्रोक इंजिन, बेल्टचा सीव्हीटी (पायऱ्या नसलेला आपोआप बदलणारा गिअर), म्हणजे गिअरचा विषयच संपला. स्प्रिंगऐवजी रबराचे पक (जाड चकत्या), त्यामुळे बिघडायला फारसं काही नाही. एफ मॉडिफाइडमध्ये बसते. फोक्सवॅगन बीटलच्या इंजिनची फॉर्म्युला व्हीही त्याच वर्गात येते.

कोथरूड_टू_मिशिगन

मी पुण्यात कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट टीममध्ये होतो (विद्यार्थी स्वतः छोटी रेसगाडी बनवतात ती स्पर्धा), कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेवर तिच्या भारतातल्या स्पर्धेला, फॉर्म्युला भारतला, गाडी घेऊन गेलो. त्यामुळे ‘फॉर्म्युला गाडी ऑटोक्रॉसला नको’ हे वाक्यच मला चमत्कारिक वाटतं. आमची गाडी दुसऱ्या कशासाठी नव्हतीच. नियमांतच स्लॅलमचे कोन साधारण साडेसात ते बारा मीटरवर आणि हेअरपिनचा, म्हणजे पूर्ण उलट फिरवणाऱ्या वळणाचा, बाहेरचा व्यास किमान 9 मीटर. कारीवर अख्खी रुंद ट्रॅक मोकळी असते आणि तुम्ही तिच्यावर मांडलेल्या कोनांच्या गल्लीतून जाता.

पण म्हणूनच सेकंडगिअर यांच्या गाडीबद्दल मी साशंक आहे. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, बघा. आम्हाला किमान 1525 मिलिमीटर लागायचा आणि बहुतेक टीम त्याच्या जवळपासच राहायच्या. फॉर्म्युला फोर्डचा अडीच मीटरच्या आसपास. आमच्या हेअरपिनमधून ती एका दमात निघणार नाही, कितीही आर्म छोटे करा. उघडी चाकं म्हणजे सगळं एकच असं नसतं.

सेकंडगिअर

कोथरूड, व्हीलबेसचा मुद्दा बरोबर आहे. तुमच्या कोर्सवर फोर्ड नाही चालणार. पण सोलोचे कोर्स सगळ्या गाड्यांसाठी आखतात, तिथे कॉर्व्हेटसारख्या मोठ्या स्पोर्ट्स कारलाही जायचं असतं. राष्ट्रीय स्पर्धा नेब्रास्कात लिंकनला, विमानतळाच्या प्रचंड काँक्रीटवर होते. तिथे मोकळी लांब वळणं मिळतात, आणि अशा वळणात लांब व्हीलबेस गाडीला शांत ठेवतो.

तिसरा_कॉर्नर

मी आमच्या क्लबमध्ये सेफ्टी बघते, कोर्सवर लाल झेंडा घेऊन उभी असते. वेगाचं तुम्ही बोला, मला बाकीचं सांगू द्या.

सगळ्यांना लिंकनचं काँक्रीट मिळत नाही. आमच्या जागेत पावसाच्या पाण्याच्या जाळ्या आहेत, डांबराचे जोड वर आलेले आहेत, कडेला दिव्यांचे खांब आहेत. फॉर्म्युला फोर्डचं पोट जमिनीपासून काही बोटं वर. जिथे मियाटा नुसती थडकते तिथे ही गाडी खालून घासत जाते. कोनही उघड्या चाकाला वेगळा लागतो. बंपरवर आपटून तो बाजूला उडतो, इथे चाक आणि विशबोनच्या (चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्यांच्या) मध्ये शिरतो. मी असा अडकलेला कोन स्वतः ओढून काढलाय, ब्रेकची नळी त्याच्याखाली दबलेली होती. त्या चालकाला मी ती नळी तपासल्याशिवाय पुढच्या रनला सोडलं नाही आणि तो माझ्यावर चिडला.

पाडलेले कोन उभे करायला आमची माणसं कोर्सवर पळत असतात, हेही ध्यानात ठेवा. चालक इतका खाली बसलेला की समोरच्या कोनांच्या रांगेमागे वाकलेला माणूस त्याला उशिरा दिसतो. त्यामुळे अशी गाडी आली की मी आधी विचारते: रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी कमान) हेल्मेटच्या वर आहे का, हार्नेस (रेसिंगचे सीटबेल्ट) कधीचा आहे, पेट्रोलच्या नळ्या कधी बदलल्या. चाळीस वर्षं जुन्या गाडीच्या नळ्या ‘दिसायला ठीक’ असल्या म्हणून चालत नाही.

सेकंडगिअर

ताई, तुमचं म्हणणं शब्दशः मान्य. ज्या क्लबची जागा अशी आहे तिथे ही गाडी नेऊ नये, आणि नेण्याआधी चालत जाऊन जागा बघावी. कोन लागला तर रन संपताच चारी कोपरे तपासावेत, कोणी सांगायची वाट बघू नये.

ज्या मित्राने मूळ प्रश्न विचारला तो हे वाचत असेल तर: पैसे देण्याआधी त्या गाडीत बस. पातळ तळव्याचे बूट घाल, तिन्ही पेडल पूर्ण दाबून बघ. पाय टाकायला जागा इतकी कमी असते की उंच माणसाचा गुडघा स्टिअरिंगला लागतो, आणि त्यावर उपाय नाही. मग गाडी वर उचलून सांगाड्याच्या खालच्या नळ्या बघ, घासून पातळ झाल्या असतील तर परत ये.

घाटरस्ता

माझं मत तेच आहे, पहिल्या वर्षी त्याने मियाटाच चालवावी. तरीही घेणारच असेल तर विकणाऱ्याकडे सुट्या गिअरची पेटी आहे का ते विचारावं, आणि गाडीच्या किमतीतच ती मागून घ्यावी. नंतर एकेक जोडी विकत घ्यायला गेलं की फार महाग पडतं.