दोन बायका म्हणजे दोन वाटे? कोण म्हणतं?

सातपुड्याची_लेक: काल इथे एकाने ठोकून दिलं, की आदिवासींत रूढीने दोन बायका चालतात, दोघींना जमीनही सारखी मिळते, मग समान नागरी कायदा हवाय कशाला? अहो, १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चा हिंदू वारसा कायदा, दोन्हींच्या कलम २(२) ने अनुसूचित जमाती वगळल्यात. उरली रूढी. ती सांगणार पंच, म्हणजे दीर नि चुलतसासरे. माझ्या थोरल्या मावशीचं नाव वारस-फेरफारात लागलंच नाही. हरकत सवतीने नव्हे, दिराने घेतली.

वाटाड्या: तो 'एक' मीच. हिंदू कायद्याने काय दिवे लावलेत? वारसा कायद्याचं कलम १० वाचा: विधवा कितीही असोत, सगळ्यांना मिळून एकच वाटा!

कोर्टकचेरी: ते जुन्या लग्नांपुरतं हो. मुंबई प्रांतात द्विभार्याबंदी १९४६ सालचीच. आता हिंदूंत दुसरी कायद्याने कोणीच नाही. तिच्या पोरांना २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने बापाच्या वडिलोपार्जित हिश्श्यातही वाटा दिला, आई मात्र बाहेरच.

म्हापसेकर: समान नागरी कायदा आमच्या गोव्यात आहेच. वेगळा करार नसेल तर लग्न झालं की निम्मं बायकोचं.

कोर्टकचेरी: आलं गोवा! बायकोला पंचविशीपर्यंत मूल नाही तर हिंदूने दुसरी करावी, ही पोर्तुगीजांची १८८० ची सवलत कुठली मग?

म्हापसेकर: ती आता वापरतो कोण?

ठाण्याची_वहिनी: सवती राहू द्या, सख्ख्या बहिणींचं बोला. राखीला भावाने साडी घेतली, दुसऱ्या दिवशी तालुक्याला नेऊन हक्कसोडपत्रावर सही. पहिल्याच धुण्यात साडीचा रंग बादलीत.

बागायतदार: माहेर टिकवायचं तर सही करावी. हुंडा घेतला तेव्हा वाटा नाही आठवला?

ठाण्याची_वहिनी: हुंडा मी घेतला? तो सासऱ्यांच्या ट्रॅक्टरमध्ये गेला. तोंड सांभाळून बोला.

सातपुड्याची_लेक: धागा माझा आहे, एवढं लक्षात असू द्या!

वाटाड्या: बरं ताई, घ्या. २०२५ मध्ये गोंड आदिवासी बाईच्या वारसांना सुप्रीम कोर्टाने तिच्या माहेरच्या जमिनीत समान वाटा दिला. बायकांना वगळणारी रूढी कोणाला दाखवता आली नाही म्हणून. जिंकलात. पण तो लेकीचा हक्क. दोन बायकांत कसं वाटायचं, ते त्यातही नाही.

सातपुड्याची_लेक: म्हणजे 'सारखी मिळते' ही थाप होती ना?

वाटाड्या: 'मिळायला हवी' असं वाचा.

बागायतदार: वहिनी, दस्ताचा खर्च कोणी केला?

ठाण्याची_वहिनी: भावाने. आहेच तो उदार.