भाऊ स्वतःच म्हणतो, "मला नाही समजणार"

थोरली:
धाकट्या भावाला बौद्धिक अपंगत्व आहे, वय 32. छापखान्यात कागद मोजून गठ्ठे बांधतो; गठ्ठा कधी चुकत नाही. पण नवीन काही समोर आलं की लगेच, "मी मंद आहे ना, मला नाही समजणार." डॉक्टरांनी त्याला विचारलं तरी बघतो माझ्याकडे. आणि त्याच्यासारख्या इतरांत बसायला सांगितलं तर "ते तसले आहेत, मी नाही"! घरात कौतुक तर आम्ही भरपूर करतो. मग हे येतं कुठून?

उशिरा_कळलं:
मी ऑटिस्टिक. निदान चाळिशीत झालं. कौतुकाचंच सांगतो. साधा चहा केला तरी "अरे वा, शाब्बास!" ऐकलं की समोरच्याची माझ्याकडून अपेक्षा किती होती ते लगेच कळतं. भावालाही कळत असणार.

पॅट्रिक कॉरिगन या मानसशास्त्रज्ञाने याच्या पायऱ्या मांडल्यात: लोक काय समजतात ते कळतं, मग ते पटतं, मग आपण ते स्वतःला लावून घेतो. त्यापुढे "प्रयत्न तरी कशाला करू?" माझंच बघा, मी फोन करण्याआधी वाक्यं कागदावर लिहून घेतो. पूर्वी कोणी खोलीत आलं की तो कागद मुठीत चुरगाळायचो. आता टेबलावर उघडा असतो, ज्याला वाचायचा त्याने वाचावा.

"ते तसले" म्हणण्यात विसंगती नाही हो, शिक्का चुकवायची धडपड आहे ती. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या कॅलिफोर्नियातल्या संस्थेतून बाहेर पडलेल्या प्रौढांवर रॉबर्ट एजर्टन या मानववंशशास्त्रज्ञाने 1967 मध्ये लिहिलं. घड्याळ वाचता न येणारे काही जण मुद्दाम बंद घड्याळ मनगटावर बांधायचे, म्हणजे "माझं बंद पडलंय, किती वाजले?" असं विचारता यावं. याला मंद म्हणायचं?

विशेष_शिक्षिका:
अगदी. त्यात त्याची उत्तरं वर्षानुवर्षं दुसरंच कोणीतरी देत असतं, मायेनेच. डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा की त्याच्याकडे बघून, छोट्या वाक्यांत विचारा. जमलं तर तुम्ही बाहेर थांबा. आणि अशा प्रौढांनी स्वतः चालवलेला गट शोधा. 1974 मध्ये अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये 'पीपल फर्स्ट' ही चळवळ अशीच सुरू झाली. अशा गटात त्याला कोणी सांभाळणार नाही, कामाला लावतील.

थोरली:
मी बाहेर थांबले आणि तो गप्पच राहिला तर?

विशेष_शिक्षिका:
दुखणं गंभीर असेल तेव्हा हा प्रयोग नको. एरवी कुठे, कधीपासून दुखतंय ते घरीच दोघांनी चित्रं काढून कागदावर उतरवा. कागद त्याच्या खिशात, तुमच्या पर्समध्ये नाही. उत्तराला वेळ लागला तर लागू दे.