दरडीखालची वाडी उठवायची की राहू द्यायची?

पागोळी
आमची वाडी रायगडात, सावित्रीच्या खोऱ्यात, डोंगराच्या पोटाशी. जुलै लागला की तलाठी नोटीस घेऊन येतात. मग चार दिवस शाळेत अंथरुणं, खिचडी, आणि पाऊस ओसरला की पुन्हा घरी. यंदा गोठ्यामागच्या दगडी गडग्याच्या वर हात जाईल एवढी भेग पडलीय. काकांनी तिच्यात चिकणमाती ठासली आणि वर ताडपत्री टाकली! हसावं की रडावं कळेना.

माझं म्हणणं एवढंच, की अशा वाड्या कायमच्या खाली आणा, आणि माणसं गाडली जायच्या आधी आणा. ३० जुलै २०१४ ला माळीण गेलं, दीडशेच्या वर माणसं. गाव नाहीसं झालंय हे जगाला कळलं ते सकाळी आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरमुळे. २२ जुलै २०२१ ला तळिये, तिथेही ८० च्या वर. अजून किती वाट बघायची?

कातळवाट
खाली म्हणजे नेमकं कुठे, भाऊ? ज्या दिवशी तळिये गाडलं गेलं त्याच दिवशी खाली महाड पुरात बुडालं होतं. वर दरड, खाली सावित्री. आणि सपाट जागा असते ती कुणाची तरी भातखाचरं असतात, ती कोण देणार? माळीणचं नवं गाव आमडेत बांधलं, तेही उतार कापूनच. २०१७ च्या पहिल्याच पावसात रस्ते खचले, भेगा पडल्या. नाचणी-वरीची वरकस जमीन, गुरं, देवी सगळं वर, आणि माणसं पत्र्याच्या खोलीत खाली. याला पुनर्वसन म्हणत असाल तर म्हणा.

मुरूमवाला
सिव्हिलवाला आहे, म्हणून आधी एक सांगतो: काकांना हसू नका. भेगेत पाणी जाऊ न देणं हे पहिलं काम, आणि ते त्यांनी केलंय. आपल्याकडे खाली काळा पाषाण, वर मुरूम-माती. पाणी मुरत मुरत पाषाणापर्यंत जातं आणि तिथे अडतं. वरचा थर जड होतो, खालून पाण्याचा दाब येतो, पकड सुटते. पण भेग नुसती बुजवली तर ती रुंदावतेय का ते दिसत नाही. दोन्ही बाजूंना खुंट्या ठोका आणि रोज अंतर मोजा. वरच्या अंगाला चर काढून पाणी बाजूला वळवा. चराचा तळ मात्र पक्का हवा, नाहीतर तोच डोंगराला पाणी पाजेल. झरा अचानक गढूळ झाला किंवा आटला, झाडं कलली, तर मोजत बसू नका, निघा.

बाकी उतार शेकडो वर्षं उभे असतात. जेसीबीने पायथा खरवडला की ते बसतात. वाडी उठवण्याआधी जेसीबी उठवा.

पागोळी
इर्शाळवाडीला कुठला जेसीबी होता? वर जायला रस्ताच नव्हता, बचावाची यंत्रंसुद्धा पोचली नाहीत. १९ जुलै २०२३ ची रात्र. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण सापडलेच नाहीत. आणि ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीतही नव्हती.

मुरूमवाला
मान्य. तिथे माझं जेसीबीचं गणित लागत नाही. पाण्याचं लागतं.

कातळवाट
यादीत नसलेली वाडी गाडली जाते, मग यादी बघून उठवणार कुणाला? सगळ्या सह्याद्रीला?

चाळकरी
मुंबईत काय वेगळं आहे? १८ जुलै २०२१, चेंबूरचं भारतनगर. डोंगर आणि घरं यांच्यामधली भिंतच घरांवर आली. तिथे तर देवी, वरकस काही नव्हतं, फक्त भाडं परवडत होतं.

पागोळी
खुंट्या ठोकल्या. काल सव्वादोन हात होतं, आज चार बोटं जास्त. मी सगळ्यांना शाळेत चला म्हणतोय. आजी हटून बसलीय, म्हशीला सोडून येणार नाही म्हणते.

कातळवाट
चार बोटं? वाद नंतर घालू. म्हैस आधी ने, आजी मागोमाग येईल.