विषय: शनिवारचा बालवर्ग आणि माझं लक्झेंबर्गिश (शुक्रवारच्या आत सांगा)

दादा (श्ट्रासेन), सोमवार, रात्री 10:14

मंडळी, नमस्कार.

इथे लक्झेंबर्गात कम्यूनच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, लक्झेंबर्गिश वर्गात अखेर माझा नंबर लागला. वेळ शनिवारी 10 ते 12, म्हणजे नेमकी मी घेतो त्या बालवर्गाची. शुक्रवारी दुपारपर्यंत हो-नाही कळवायचं आहे. गेल्या वर्षी माईंनी दोन महिने वर्ग सांभाळला होता, तसं या वेळी कोणाला जमेल का? नाहीतर वर्ग दुपारी 2 वाजता नेऊ या का? किल्ली अजून नानांकडेच आहे ना?

आणखी एक. फ्रेंचची बी2 पातळी झाली (ए1 ते सी2 या सहांतली चौथी), ऑफिसात तेवढ्यावर भागतं. आता लक्झेंबर्गिश घ्यावं की मुलीसाठी जर्मन पक्कं करावं, यावर मन अजून ठरत नाही. ती सप्टेंबरात पहिलीत जाईल. दोन्ही एकदम झेपणार नाहीत.

नाना (एश), सोमवार, रात्री 11:02

दुपारी 2 ला खोली तबलावाल्यांची आहे, दिवाळीपासून. त्यांना शब्द दिलाय, तो मोडणार नाही. वर्गाची वेळ बदलायची तर समितीत विषय यायला हवा, इथे परस्पर ठरवू नका. मागे कोजागिरीच्या वेळी काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल.

किल्ली माझ्याकडेच आहे.

ताई (मेर्श), मंगळवार, सकाळी 7:40

दादा, वर्गाचं नंतर पाहू. आधी जर्मन घ्या.

इथे सरकारी शाळेत मुलं वाचायला-लिहायला शिकतात ती बहुतेक ठिकाणी जर्मनमधून. गणितही जर्मनमध्ये. आमच्या थोरल्याच्या वेळी मी फ्रेंचच्या भरवशावर राहिले आणि पहिली दोन वर्षं त्याच्या वहीतली सूचनासुद्धा मला वाचता येत नव्हती. शेजारच्या आजींकडे वही घेऊन जायचे. रोज संध्याकाळी पोराच्या देखत दार वाजवायचं, फार वाईट वाटायचं.

जर्मन आकडे आपल्याला परके नाहीत. चोवीस म्हणताना आपण आधी चार म्हणतो, मग वीस. जर्मनमध्येही तसंच, लक्झेंबर्गिशमध्येही. ‘तो, ती, ते’ अशी तीन लिंगंही आहेत, फ्रेंचसारखी दोनच नाहीत. खरी गडबड पुढे लिसेत, म्हणजे माध्यमिक शाळेत होते. तिथे गणित फ्रेंचमध्ये सुरू होतं आणि 75 ला ‘साठ-पंधरा’ म्हणावं लागतं. माझा मुलगा सहा महिने आकडे उलटे लिहीत होता. शेवटी मी त्याला आधी मराठीत मोठ्याने म्हणायला लावायचे, मग फ्रेंचमध्ये. त्याने सुटलं.

अक्का (दिफेरदांज), मंगळवार, दुपारी 1:15

पोर्तुगीजचं नावही कोणी घेत नाही याचं वाईट वाटतं. या देशात परदेशी लोकांमध्ये सगळ्यात जास्त पोर्तुगीज आहेत. मी पाळणाघरात काम करते. सकाळी मुलाला सोडायला आलेल्या आईशी तिच्या भाषेत दोन वाक्यं बोलले की ती निर्धास्त होऊन कामाला जाते. मूलही लवकर रमतं.

आणि आपल्याला ती भाषा कुठे नवी आहे? चावी, पगार, पाव, बटाटा, घमेलं, मेज, सगळं तिथूनच आलेलं. आमच्या सावंतवाडीच्या घरात हे शब्द बोलतच मी मोठी झाले. पहिल्या दिवशी बाईंनी ‘शाव्ह’ म्हटलं आणि मी त्यांच्या हातात चावी दिली.

बापू (किर्शबेर्ग), मंगळवार, दुपारी 1:52

अक्का, बाकी सगळं मान्य, पण मेज पोर्तुगीज धरू नका. फारसीत ‘मेझ’ आहे आणि आपल्याकडे आलं ते तिथून. पोर्तुगीज ‘मेझा’ ऐकायला जवळचं आहे म्हणून गल्लत होते. काजू आणि अननस तुमच्या यादीत घाला, ते पक्के.

अक्का, मंगळवार, दुपारी 2:20

आमच्याकडे पोर्तुगीजच मानतात. असो, काजू घातला.

माई (बोनव्हा), मंगळवार, रात्री 9:30

दादा, वर्ग मी या वेळी घेऊ शकणार नाही, गुडघ्याचं ऑपरेशन आहे. पण तुमचा पेच शनिवारचा आहे, भाषेचा नाही. शनिवारी शिकायलाच कशाला हवं? भाषा-रजा घ्या.

लक्झेंबर्गिश शिकायला नोकरदारांना कायद्याने एकूण 200 तासांची रजा मिळते, कामाच्या वेळेत. दोन टप्प्यांत घ्यायची, एक टप्पा 80 ते 120 तासांचा. त्याच मालकाकडे निदान सहा महिने झालेले हवेत. पगार चालू राहतो आणि त्यातला निम्मा सरकार मालकाला परत करतं. ऑफिसला ते मुद्दाम सांगा, सूर बदलतो. पहिला टप्पा नीट पुरा करा, दुसरा त्यावर अवलंबून आहे. एवढं लक्षात ठेवा की ही रजा फक्त लक्झेंबर्गिशसाठी आहे. जर्मनसाठी मागाल तर मिळणार नाही.

मी ग्लासीला भाषा संस्थेत शिकले तेव्हा माझं वय 51. माझी अडचण होती शेवटच्या ‘न’ची. तो कधी उच्चारायचा, कधी गाळायचा. ‘एन आपेल’ म्हणजे सफरचंद, पण पुस्तक ‘ए बूख’. स्वरापुढे आणि न, द, त, z (उच्चार ‘त्स’), ह यांच्यापुढे ‘न’ राहतो, एरवी जातो. बाईंनी ‘युनायटेड झोहा’ असं पाठ करून घेतलं, त्यात ही सगळी अक्षरं बसतात. मी ते कणकेच्या डब्यावर चिकटवलं होतं. मग लक्षात आलं की नियम घोकण्यापेक्षा कान तयार करावा, कारण ही आपल्या संधीसारखीच गोष्ट आहे, जीभ स्वतःच सोपी वाट काढते. त्यांचा ऑनलाइन शब्दकोश फुकट आहे आणि शब्दाचा उच्चार ऐकवतो. भांडी घासताना तो लावून ठेवायचे.

नागरिकत्वाच्या परीक्षेत बोलणं ए2 आणि ऐकणं बी1 लागतं. लिहायला काहीच नाही. एका विषयावर गप्पा आणि एका चित्राचं वर्णन. मला बाजाराचं चित्र आलं, भाज्यांची नावं भराभर आली आणि तिथेच माझा धीर सुटायचा थांबला.

नाना, मंगळवार, रात्री 10:05

नागरिकत्वाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. भारताचा पासपोर्ट परत करावा लागतो, नंतर ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड. घाईने कोणी काही करू नये. माझ्या माहितीत 20 वर्षं इथे राहिलेल्यांना परीक्षा नाही, 24 तासांचा वर्ग केला की पुरतं.

बापू, मंगळवार, रात्री 10:11

नाना, दादांना इथे येऊन सहाच वर्षं झाली आहेत.

दादा, गुरुवार, संध्याकाळी 6:48

माई, तुमचे उपकार कसे फेडू. काल साहेबांशी बोललो. निम्म्या पगाराचं सांगितल्यावर त्यांनी लगेच मनुष्यबळ विभागाला कळवलं. मंगळवार-गुरुवार सकाळचा वर्ग मिळतोय. कम्यूनला ‘नाही’ म्हणून कळवलं, त्या जागेवर दुसरं कोणी बसेल. तेव्हा बालवर्ग आहे तिथेच, 10 ला. ऑपरेशनच्या दिवशी डबा माझ्याकडून.

जर्मन की लक्झेंबर्गिश, त्याचंही ठरलं. गेले काही महिने मुलगी श्पिलशूलमधून, म्हणजे बालवाडीतून येते आणि बाहुल्यांशी लक्झेंबर्गिशमध्ये बोलते. मी खोलीत गेलो की मराठीत येते. माझ्यासाठी थांबते, हे मला परवा कळलं. ती पहिलीत जर्मन शिकेल तेव्हा ताई, तुमच्याकडे वही घेऊन येईन, आत्तापासून सांगून ठेवतो. पण बाहुल्यांशी ती काय बोलते ते मला आधी कळायला हवं.

अक्का, पोर्तुगीज मनात आहे. आमच्या इमारतीची सफाई करणाऱ्या काकूंना ‘बों दिया’ म्हणून सुरुवात केली आहे.

नाना, शनिवारी किल्ली पावणेदहाला हवी. मागच्या वेळी मुलं पावसात उभी होती.

नाना, गुरुवार, रात्री 8:20

साडेनऊला येतो.