ह्युवेक पेशींच्या मीडियममध्ये मलेरियाचा परजीवी (फाल्सिपेरम) जास्त वाढतोय: खरा परिणाम की तुलनेच्या कंट्रोलची चूक?

गोदाकाठ (नाशिक)
रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशींवर (ह्युवेक) २४ तास ठेवलेलं मीडियम (पेशी वाढवायचं द्रव) ०.२२ मायक्रॉनमधून गाळून ३डी७ला (फाल्सिपेरमचा प्रयोगशाळेतला वाण) दिलं. सुरुवात रिंग (परजीवीची कोवळी अवस्था) ०.५ टक्के, हिमॅटोक्रिट (तांबड्या पेशींचं प्रमाण) २ टक्के. ४८ तासांनी पॅरासिटेमिया (परजीवी असलेल्या रक्तपेशींचं प्रमाण) ताज्या आरपीएमआय मीडियमपेक्षा जास्त. पेशी खरंच काही सोडतात, की मांडणीच भोंगळ आहे?

स्मिअरवाला
कंट्रोल चुकलाय. तेच मीडियम रिकाम्या फ्लास्कमध्ये, त्याच इन्क्युबेटरमध्ये २४ तास ठेवून वापरा. मग दोन्हींत निम्मं ताजं मीडियम मिसळा, कारण पेशी ग्लुकोज आणि आयसोल्युसिन हे अमिनो आम्ल फस्त करतात. परजीवी अमिनो आम्लं हिमोग्लोबिनमधून मिळवतो, पण आयसोल्युसिन प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये नसतंच, त्याला ते बाहेरूनच लागतं.

पहिला संशयित मात्र हायपोझॅन्थिन. परजीवी प्युरिन (डीएनएचा कच्चा माल) स्वतः बनवू शकत नाही, आणि ह्युवेक पेशी हायपोझॅन्थिन हे प्युरिन बाहेर टाकतात. दोन्हीकडे लिटरला ५० मिलिग्रॅम घातल्यावर फरक मावळला, तर तुमचा गूढ घटक तोच.

शायझॉन्ट_४४
आधी 'वाढ' म्हणजे काय ते ठरवा. एका शायझॉन्टमधून (परजीवीची पिकलेली, फुटायला आलेली अवस्था) मेरोझोइट (नव्या रक्तपेशीत शिरणारी पिल्लं) जास्त निघाले, की तेवढ्यांपैकीच जास्त रक्तपेशींत शिरले? ५ टक्के सॉर्बिटॉलने परजीवी सिंक्रोनाइझ (एकाच वयाचे) करा (३७ अंश, १० मिनिटं). ४० तासांच्या सुमारास थोडं कल्चर वेगळं काढून त्यात ई-६४ (१० मायक्रोमोलर) टाका, म्हणजे शायझॉन्ट फुटणार नाहीत, आणि गिम्साने रंगवलेल्या स्लाइडवर पन्नासेक शायझॉन्टमधली केंद्रकं मोजा. केंद्रकं सारखी पण रिंगा जास्त, तर परिणाम शिरकावावर. नुसत्या सायबर ग्रीनवर (डीएनएला चिकटून चमकणारा रंग) विसंबू नका, ते सगळा डीएनए एकत्रच मोजतं.

गोदाकाठ
ह्युवेक ईजीएम-२मध्ये (अशा पेशींचं तयार मीडियम) वाढवल्या, मीडियम बदलताना एकदाच धुतल्या. पुढे परजीवी आणि ह्युवेकचा थेट संपर्कही बघायचाय.

नॉबवाला
ईजीएम-२मध्ये हेपरिन असतं, ते मेरोझोइटचा शिरकाव अडवतं. पीबीएसने (बफर द्रावण) दोन-तीनदा धुवा.

संपर्कासाठी ह्युवेकला रात्रभर टीएनएफ (सूज आणणारं प्रथिन) द्या, म्हणजे आयसीएएम-१ (लागण झालेल्या रक्तपेशी ज्याला चिकटतात ते प्रथिन) पृष्ठभागावर येतं. सीडी३६ या तशाच दुसऱ्या प्रथिनाची आशा धरू नका. जुन्या ३डी७चे नॉब (लागण झालेल्या रक्तपेशीवरचे चिकटायला मदत करणारे उंचवटे) बऱ्याचदा गेलेले असतात, मग चिकटणं नावापुरतंच. जिलेटिनवर तरंगवून नॉबवाले निवडा. शेजारी ०.४ मायक्रॉनची ट्रान्सवेल (पेशींना अडवणारा छिद्रांचा पडदा) लावा: तिथेही तेवढाच फरक आला, तर स्पर्शाची गरज नाही.

आणि नाशिकमध्ये रक्ताची पिशवी तपासूनच घ्या. सुरगाणा, पेठ, कळवण पट्ट्यात सिकल सेलचे वाहक आढळतात, आणि एएस (वाहकाच्या) रक्तात कमी ऑक्सिजनला परजीवी खुंटतो. सोल्युबिलिटी टेस्ट करा, एका प्रयोगाला एकच पिशवी.