यजमानपद कोणाला द्यायचं, हे बंद दाराआड कामून ठरावं?

वसमतकर:
२०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या, २०३६ च्या ऑलिंपिकसाठीही आपण हात वर केलाय. आनंद आहेच. पण मत कोणी कोणाला दिलं आणि त्याआधी काय देऊ केलं, हे दोन्ही लोकांसमोर आलं पाहिजे.

२ डिसेंबर २०१० ला झ्युरिकमध्ये फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेच्या, कार्यकारी समितीनं २०१८ चा फुटबॉल विश्वचषक रशियाला आणि २०२२ चा कतारला दिला. समितीत २४ जण होते. मतांच्या सौद्याची बातमी फुटल्यावर त्यातले दोघं आधीच निलंबित झालेले. उरलेल्या २२ जणांनी गुप्त मतदान केलं आणि शेवटच्या फेरीत कतारनं अमेरिकेला १४-८ नं हरवलं. काही सदस्यांनी या मतांसाठी लाच घेतली, असं २०२० मध्ये अमेरिकी सरकारी वकिलांनी आरोपपत्रात लिहिलं. कतारनं ते कायम नाकारलं. बाजार समितीचा सभापती निवडायचा असला की संचालकांना सहलीवर कामून नेतात, हे आपल्याकडं कोणाला सांगावं लागत नाही. मोजकी मतं आणि तीही गुप्त, म्हटल्यावर तिथं सौदा होणारच.

परभणीचा पंच:
दादा, कतारचंच नाव सगळे घेतात. २००२ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी सॉल्ट लेक सिटीनं ऑलिंपिक समितीच्या सदस्यांच्या लेकरांना शिष्यवृत्त्या दिल्या, नातेवाइकांचे उपचार केले. १९९९ मध्ये सहा सदस्यांची हकालपट्टी झाली, चौघांनी राजीनामे दिले. स्पर्धा तरी सॉल्ट लेकलाच झाली! जर्मनीच्या २००६ च्या विश्वचषकातल्या ६७ लाख युरोंच्या संशयास्पद व्यवहारावरून तर वर्षानुवर्षं कोर्टकचेरी चालली. अरब देशाला स्पर्धा मिळाली की मगच सगळ्यांना नीतिमत्ता आठवते, हे मला पटत नाही.

वसमतकर:
पंच, मग आपलंही बोलू. २००३ मध्ये माँटेगो बे इथं दिल्लीनं २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धा कॅनडाच्या हॅमिल्टन शहराला ४६-२२ नं हरवून मिळवल्या. तेव्हा ७२ सदस्य संघटनांना प्रत्येकी एक लाख डॉलर देऊ केले होते, खेळाडूंच्या प्रशिक्षणासाठी. नियमात बसत होतं म्हणे. पण मतदाराला मतदानाआधी पैसे देऊ करणं नियमात बसतं, हाच तर रोग आहे. आपल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या धावपटू अविनाश साबळेला खेळाची वाट सापडली ती लष्करात गेल्यावर. गावात असताना त्याच्यासाठी कोणी एक लाख डॉलर काढून ठेवले नव्हते.

लातूरचे गुरुजी:
अविनाशनं २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीचं, रौप्य मिळवलं, तेही कोणीतरी स्पर्धा भरवली म्हणूनच. आता मुद्द्याचं बोलतो. गुप्त मतदान लहान देशांना वाचवतं. २०२६ च्या विश्वचषकाची निवड व्हायच्या आधी, एप्रिल २०१८ मध्ये ट्रम्प यांनी उघड ट्विट केलं की, जे आम्हाला पाठिंबा देत नाहीत त्यांना आम्ही पाठिंबा कामून द्यावा. त्या वेळी मतदान सगळ्या सदस्य संघटनांचं होतं आणि कोणाचं मत कुठं गेलं हे जाहीर झालं. अमेरिका, कॅनडा, मेक्सिकोनं मोरोक्कोला १३४-६५ नं हरवलं. अमेरिकेच्या मदतीवर जगणाऱ्या देशानं अशा वेळी उघडपणे विरोधात मत द्यायचं कसं? मत जाहीर केलं की लाचेच्या जागी धमकी येते.

गेवराईची पोर:
तुम्ही जगाचं बोलताय. आधी छत्रपती संभाजीनगरातल्या गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलाकडं बघा. तिथल्या कंत्राटी कर्मचाऱ्यानं २१ कोटींहून जास्त रक्कम लांबवल्याचा गुन्हा डिसेंबर २०२४ मध्ये समोर आला. आम्ही पोरी अजून डांबरी रस्त्यावर पळतो. स्पर्धा अहमदाबादला होवो की आणखी कुठं, आमच्या तालुक्यात ट्रॅक येणार आहे का, एवढंच सांगा.

वसमतकर:
ताई, तुमचा राग रास्त आहे. त्या संकुलाचा हिशेब वेळच्या वेळी फलकावर लागला असता तर एवढी रक्कम गेली नसती. मी वर तेच मागतोय, फक्त मोठ्या पातळीवर.

गुरुजी, धमकीचं म्हणणं वजनदार आहे. पण आता तर मतदानच नावापुरतं उरलंय. २०३४ च्या विश्वचषकासाठी सौदी अरेबिया एकटाच दावेदार होता. २०३२ च्या ऑलिंपिकसाठी २०२१ मध्ये ब्रिस्बेनलाही समोर कोणी नव्हतं. ऑलिंपिकचा यजमान आयोग आधी बोलणी करतो, एक नाव पुढं आणतो आणि सदस्य हो म्हणतात. म्हणून मतापेक्षाही बोलण्यांचे कागद जास्त महत्त्वाचे. २०३६ साठी आपण काय कबूल केलंय, ते आपल्या सरकारनं निवडीच्या आधी मांडावं.

लातूरचे गुरुजी:
कागद मांडा, त्याला माझी ना नाही. मतं मात्र गुप्तच राहू द्या.